बहिणीची गोष्ट मी अर्धीच सांगितली

माझा देवावर विश्वास राहिलेला नाही, हे मी आईला सांगितलं तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि ती ज्वारी पाखडत होती. तिने हातातलं सूप खाली ठेवलं नाही. "बरं," म्हणाली. "पन माझा तुझ्यावर हाय ना? मंग झालं."

तेवढ्यावर ते मिटलं. जेवायला बसलो की ती डोळे मिटून प्रार्थना करायची आणि तिचं होईपर्यंत मी भाकरीला हात लावायचो नाही. नाताळला तिच्यासोबत चर्चच्या दारापर्यंत जायचो आणि बाहेर चिंचेखाली उभा राहायचो. गाणी मला सगळी पाठ होती, अजूनही आहेत. ती मला कधी आत ये म्हणाली नाही आणि आत काय चालतं ते खोटं आहे असं मीही तिला कधी म्हणालो नाही. वीस वर्षं आमचं असं चाललं होतं. ते मोडलं ते माझ्यामुळे.

आमचं गाव जामखेड तालुक्यात, रस्त्यापासून आत, कोरडवाहू. दोनेकशे उंबऱ्यांत आमची ख्रिस्ती घरं चौदा. पणजोबांच्या काळात धर्म बदललेला. त्याआधीचं आणि नंतरचं शेत तेच, विहीर तीच. गावच्या जत्रेला आमच्याकडेही पुरण शिजायचं आणि नाताळच्या करंज्या देवळाच्या पुजाऱ्याच्या घरी जायच्या. वडील मी दहावीत असताना गेले. मागे आई, मी आणि माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान बहीण. आईने शिलाई मशीनवर आम्हाला वाढवलं. मी शिकून नगरला एका शाळेत विज्ञानाचा शिक्षक झालो. बहीण एकोणीस वर्षांची होऊन वारली.

नगरमध्ये दर रविवारी सकाळी एका वाचनालयात आमची चर्चा चालायची. ती एका निवृत्त प्राध्यापकांनी सुरू केली होती. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे आस्तिकही यायचे, नास्तिकही. एक कीर्तन करणारे गृहस्थ यायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक नमाजी काका यायचे. विषय ठरायचा, भांडणं व्हायची, मग खाली उतरून सगळे एकाच गाड्यावर भेळ खायचे. मला ते फार आवडायचं. शाळेत देव नाही असं म्हणायची सोय नव्हती, घरी म्हणायची इच्छा नव्हती. तिथे म्हणता यायचं.

पुढे कुणीतरी मोबाईलचं स्टँड आणलं. चर्चा इंटरनेटवर जायला लागली. हजारो लोक बघतात म्हटल्यावर सर टापटीप कपडे घालून यायला लागले, आणि बोलताना आमच्याकडे न बघता मोबाईलकडे बघायला लागले. मीही बघायला लागलो. कोण जिंकलं ते खाली लोक लिहायचे. 'धुतला', 'सालटी काढली' अशी भाषा. कीर्तनकारांना एका रविवारी कुणीतरी तोंडावर अडाणी म्हणालं. ते पुन्हा आले नाहीत. नमाजी काका आणखी दोन-तीन वेळा आले, मागे बसले, मग तेही थांबले. त्यांची चौकशी आमच्यापैकी कुणी केली नाही, मीही नाही. त्यानंतर आस्तिक मिळणं अवघड झालं, तेव्हा सर बाहेरून बोलावून आणायचे.

असेच त्यांनी नेवासे भागातून एक प्रवचनकार आणले. विषय होता, श्रद्धा माणसाला तारते की मारते. तारते म्हणायला ते, मारते म्हणायला मी.

प्रवचनकार साधा माणूस होता. त्यांनी वेदांत वगैरे काही काढला नाही. त्यांची आई शेवटची नऊ वर्षं अंथरुणावर होती, आणि नाम घेत घेत तिने ते दिवस कसे काढले, एवढंच त्यांनी सांगितलं. "याचा पुरावा माझ्याकडे नाही," ते म्हणाले. "ती कण्हायची नाही, गुणगुणायची. एवढंच मी पाहिलं." पुढच्या रांगेतल्या बाईंनी डोळे पुसले. सरांनी मला चिठ्ठी सरकवली. तीवर लिहिलं होतं, 'घरचं काही आहे का?'

होतं. मी सत्तावीस वर्षं ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी उभा राहिलो आणि सांगितलं.

बहिणीला अकराव्या वर्षापासून साखरेचा आजार होता. रोज दोनदा इन्सुलिनची सुई. घरात फ्रीज नव्हता, म्हणून आई औषधाच्या बाटल्या ओल्या वाळूच्या गाडग्यात ठेवायची. मग एका उन्हाळ्यात बाहेरून एक उपदेशक आला. त्याने जामखेडला मांडव घातला. लंगडे चालतात, आंधळे बघतात अशी बोलवा उठली. आम्ही बहिणीला घेऊन गेलो. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, प्रभूने बरं केलं, आता सुई कशाला? सुई बंद झाली. तिसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी ती खोल खोल श्वास घ्यायला लागली, आणि त्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला. जीप करून नगरला निघालो. आष्टी मागे पडली, कडा यायच्या आत ती गेली.

"माझ्या बहिणीला साखरेने मारलं नाही," मी शेवटी म्हणालो. "श्रद्धेने मारलं. आणि आमच्या अख्ख्या ख्रिस्ती मंडळीने त्याला आमेन म्हटलं."

टाळ्या पडल्या. सरांनी माझा हात दाबला. सगळे खाली उतरले तेव्हा प्रवचनकार चहाचा कप घेऊन माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता उत्तर देतील. त्यांनी विचारलं, "बहिणीचं नाव काय होतं?" मी सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हटलं, मान हलवली आणि एसटी गाठायला निघून गेले. त्या दिवशी नाव विचारणारा तो एकटाच माणूस.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी टाकला गेला. चार दिवसांनी बायकोने मोबाईल माझ्यापुढे धरला. आमच्या व्हिडिओतला शेवटचा भाग कापून कुणीतरी वेगळ्याच पानावर लावला होता. वर लाल अक्षरं: 'धर्मांतराचा धंदा! सख्ख्या भावाने फोडलं बिंग.' खाली ज्या प्रतिक्रिया होत्या त्या मी इथे लिहीत नाही. बायको म्हणाली, "आईंपर्यंत गेलं असेल हे." मी म्हणालो, तिच्याकडे साधा फोन आहे. ती म्हणाली, "शेजाऱ्यांकडे?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गावाकडून फोन आला. माझा शाळेतला वर्गमित्र. चौथीपर्यंत आम्ही एका फडक्यावर बसलोय. आता त्याचं गावात मंडळ आहे, दुकान आहे, गाडीवर झेंडा आहे.

"लई भारी बोललास गड्या," तो म्हणाला. "आमाला वाटायचं तू त्यांचाच. आता गावात पन बोल. रविवारी सकाळी पारावर सभा ठिवलीय. प्रमुख वक्ता तूच."

"कसली सभा?"

"हे प्रार्थनेचं चाललंय ना घराघरात, त्येच्यावर. पोलीस ठाण्यात अर्ज पन दिलाय. तुझा व्हिडिओ जोडलाय त्येला."

"कुणाच्या घराचा अर्ज?"

"आता घरसभा कुठं भरती तुला म्हाईत न्हाई व्हय? तुझ्याच की. पन म्हातारीला कुनी काय करनार न्हाई, माझा शब्द हाय. फकस्त बंद करा म्हनायचं."

दर शुक्रवारी दुपारी आमच्या घरी सात-आठ बायका जमायच्या. दोन गाणी, एक वाचन, आजारी माणसांसाठी प्रार्थना, मग गुळाचा चहा. एवढ्याला घरसभा म्हणतात. आई मशीन एका कोपऱ्यात सरकवून सतरंजी टाकायची. सगळ्या त्याच चौदा घरांतल्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. त्यांचं आणखी कसलं धर्मांतर करायचं होतं?

मी सरांना फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हणालो, आपण एक स्पष्टीकरण टाकू या. मी त्या उपदेशकाबद्दल बोललो होतो, गावातल्या बायकांबद्दल नाही. शिवाय सगळी मंडळी सामील होती हेही खरं नाही. आमच्या चर्चच्या पाळकांनी विरोध केला होता. मी ते बोललो नाही.

"का नाही बोललात?" सरांनी विचारलं.

उत्तर मला माहीत होतं. पाळक मध्ये आले असते तर गोष्ट बोथट झाली असती आणि टाळ्या पडल्या नसत्या.

"हे बघा," सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "सत्य कुणी वापरलं म्हणून ते खोटं होत नाही. तुम्ही आता मागे सरलात तर आस्तिक म्हणतील, बघा, नास्तिक पलटला. आपण ना या बाजूचे ना त्या बाजूचे. गप्प राहा."

मी गप्प राहिलो नाही. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाच-सहा ओळी लिहिल्या. ज्यांच्याबरोबर मी भेळ खाल्ली होती त्यांची उत्तरं आली. 'शेवटी रक्त बोललंच.' 'चिंचेखाली उभा राहणारा नास्तिक!' ते चिंचेचं मीच कधीतरी विश्वासाने सांगितलं होतं. एकाने लिहिलं, 'आई की विवेक, एकदा ठरवा.' त्याला अकरा जणांनी अंगठे दिले. मी ते अंगठे मोजत बसलो होतो आणि वर्गाची घंटा झालेली मला ऐकू आली नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी जामखेडची एसटी पकडली. खिडकीतून तोच रस्ता, उलट्या दिशेने. कडा गेलं, आष्टी गेली. दरवेळी या टप्प्यात मी पेपर उघडतो. त्या दिवशी पेपर नव्हता.

आई ओट्यावर बसली होती. दार उघडं होतं, आत सतरंजी घडी करून मशीनवर ठेवलेली. तिने पाणी दिलं. काल बायका आल्या नाहीत म्हणाली. काल सकाळीच एक हवालदार येऊन गेला होता. चांगला बोलला, पण नावं लिहून घेतली. नावं लिहिली म्हटल्यावर कोण येणार?

"तू बघितलंस?" मी विचारलं.

"शेजारनीनं दावलं."

मी म्हणालो, ते कापलेलं आहे, पुढचं-मागचं काढून टाकलंय.

"त्यांनी कापलं व्हय," ती म्हणाली. "आन तू?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"श्रद्धेनं मारलं म्हनलास. आसंल. मी मांडवात नेली तिला, मी न्हाई म्हनत न्हाई. पन बाटल्या कुनी टाकल्या ते न्हाई सांगितलंस."

मला वाटायचं, तिला हे माहीत नाही. सत्तावीस वर्षं मी या एका भरवशावर जगत होतो.

आता लिहितो. मांडवातून आलो त्या संध्याकाळी आईने सुई बंद केली, पण बाटल्या गाडग्यात तशाच ठेवल्या. "आसू दे. लागल्या तर आसाव्यात," म्हणाली. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीसाठी घरी आलो होतो. मांडवात सगळ्यांत जास्त मी रडलो होतो. वडील गेल्यापासून आत जे काही घट्ट झालं होतं ते त्या दिवशी सुटलं, आणि मला वाटलं, हाच देव. उपदेशक म्हणाला होता, अर्धा विश्वास म्हणजे अविश्वासच. दुसऱ्या दिवशी दुपारी आई कपडे पोचवायला गेली, बहीण झोपली होती, तेव्हा मी गाडग्यातल्या तिन्ही बाटल्या काढल्या आणि ओढ्यात दगडावर फोडल्या. आईच्या अविश्वासामुळे बहीण बरी व्हायची राहू नये म्हणून. त्याच संध्याकाळी पाळकसाहेब आले, तर मी त्यांना दारातच अडवलं. ते हात जोडून म्हणाले, "प्रार्थना करा, पण सुई बंद करू नका." मी त्यांना म्हणालो, "तुमचाच विश्वास कमी पडतो." बावीस वर्षांच्या पोराने साठीकडे झुकलेल्या माणसाला हे म्हटलं. ते निघून गेले. चौथ्या दिवशी आईने गाडग्यात हात घातला. गाडगं रिकामं होतं.

"तुला केव्हा कळलं?" मी विचारलं.

"त्याच दिशी. दुसरं हुतं कोन घरात?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय? एक गेली हुती. दुसरा बी घालवू?" ती म्हणाली, "पुढं तू देव सोडलास. म्या म्हनलं, सोडू दे. त्येला असं वाटत आसंल की देवानंच टाकल्या बाटल्या. तसं वाटून जगत आसंल तर जगू दे."

मला उठून बाहेर जावंसं वाटलं. पण बाहेर कुठे? समोरच्या ओट्यावर दोघं-तिघं बसून आमच्याकडे बघत होते, त्यांच्याकडेही मोबाईल होता. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. आई उठून चुलीकडे गेली.

दिवस कलला तसे पाळकसाहेब आले. तेच. आता पंच्याऐंशीच्या पुढचे, निवृत्त होऊन गावातच राहिलेले, काठी टेकत. आमच्या मंडळीतल्या रिवाजाप्रमाणे "सलाम" म्हणाले आणि खाटेवर बसले. खिशातून घडी घातलेला कागद काढला. मंडळीच्या पंचांनी लिहिलेला. त्यात होतं: मी मोहाला बळी पडून खोटं बोललो, मला पश्चात्ताप झाला आहे आणि मी पुन्हा प्रभूकडे वळत आहे. खाली सहीसाठी जागा. सही करून रविवारच्या उपासनेत वाचायचं. न केल्यास मंडळीच्या पटावरून नाव कमी.

"मला पोचवायला सांगितलं, मी पोचवलं," पाळकसाहेब म्हणाले. "सही कर असं मी म्हणत नाही."

मी म्हणालो, "यातलं अर्धं खरं आहे. खोटं बोललो हे खरं. वळतो आहे हे खरं नाही. तेवढं खोडलं तर चालेल?"

"त्यांना तेवढंच पाहिजे आहे," ते म्हणाले, आणि जरा हसले.

मी त्यांची माफी मागितली. तुमचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही, असं सांगितलं. त्यांनी काठी खाटेला टेकवून ठेवली. "नाव नाही घेतलंस ते ठीक. पण सायकल तरी सांगायची होतीस. तेव्हा मी मिशनच्या बंगल्यावर राहायचो. तिथून नऊ किलोमीटर आहे, आणि मे महिना होता."

यावर आई चुलीपाशी हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसणं.

रविवारी सकाळी आठला पारावर भोंगा लागला. आईने मला जाऊ नको म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मला वाटत होतं, पहिल्या एसटीने नगरला निघून जावं. पण गेलो असतो तर सभा माझ्या व्हिडिओवर झाली असती, आणि थांबलो तर माझ्या तोंडाने होणार होती. दोन्हीकडे मीच बोलणार होतो. मग जिवंत बोललेलं बरं.

पन्नास-साठ लोक असतील. हवालदार एका बाजूला मोटारसायकलवर बसला होता. ख्रिस्ती घरांतलं कुणी नव्हतं. सगळे आतून ऐकत असणार. वर्गमित्राने माझ्या गळ्यात हार घातला. तो काढावा की ठेवावा हे मला कळेना, शेवटी तो हातात धरून मी बोललो.

मी म्हणालो, "मी देव मानत नाही. तुमचाही नाही आणि माझ्या आईचाही नाही. ते मी आजही म्हणतो. पण त्या व्हिडिओत मी जे सांगितलं ते अर्धं आहे." आणि मग सगळं सांगितलं. बाटल्या कुणी फोडल्या, कुणी ठेवल्या होत्या, कोण सायकलवर आलं आणि त्याला कुणी हाकललं. सांगताना माझा आवाज भोंग्यातून मलाच उलटा ऐकू येत होता. "माझ्या घरात तेव्हा तीन प्रकारची माणसं होती," असं काहीतरी मी म्हणालो. "भाबडी माझी आई, शहाणे पाळक, आणि मी, ज्याला थोडंसुद्धा अर्धवट चालत नव्हतं. बहिणीला तिसऱ्याने मारलं. तो माणूस मग देव सोडून नगरला गेला आणि तिथेही तसाच राहिला."

"धर्मांतराचं बोला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"आमच्या घरी धर्मांतर होत नाही. गुळाचा चहा होतो. तुझी आजी येऊन पिऊन गेलीय."

थोडे हसले, थोडे चिडले. वर्गमित्राने माइक घेतला. "मास्तर भावनेच्या भरात हायत," तो लोकांना म्हणाला. मग माइकवर हात ठेवून मला म्हणाला, "तुला बोलावला कशाला आन तू बोललास काय? माझी काय लाज ठिवली का न्हाई?" त्याच्या डोळ्यांत खरंच दुखावल्यासारखं होतं. मला वाटतं, त्याला मनापासून वाटत होतं की तो माझ्या बाजूने उभा आहे.

तेवढ्यात पुढे बसलेला एक म्हातारा उठला. पूर्वी गावात एकच जीप होती, ती त्याची. टोपी काढून तो म्हणाला, "जीप माझी हुती. पोरीला म्या उचलून ठिवली आत. ह्यो मागं बसला हुता, तिचं डोकं मांडीवर घिऊन. सारखा 'मी केलं, मी केलं' म्हनत हुता. मला वाटलं, पोरगं बावचळलं." मग तो कुणाचं काही न ऐकता घराकडे चालायला लागला. त्याच्यामागे आणखी काही उठले. सभा मोडली असं नाही, पण पातळ झाली. मंडळाच्या पोरांनी घोषणा दिल्या आणि भोंगा उतरवला.

मी तसं म्हणाल्याचं मला आजही आठवत नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. माझं पारावरचं बोलणं बऱ्याच जणांनी रेकॉर्ड केलं होतं. ते कुठेही फिरलं नाही. जुनं अजून फिरतं. दर नाताळच्या आसपास नव्या लाल अक्षरांसह ते परत येतं. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीने वर्गात उभं राहून विचारलं, "सर, हे तुम्हीच ना?" मी हो म्हणालो. पुढचं सांगायला लागलो, तर तास संपला.

सरांनी मला ग्रुपमधून काढलं. भाजी बाजारात भेटतात, गुडघ्यांबद्दल बोलतात, चर्चेबद्दल नाही. पंचांनी पटावरून माझं नाव कमी केलं. याचा अर्थ गावच्या दफनभूमीत मला जागा नाही, हे मला पाळकसाहेबांनी सावकाश समजावून सांगितलं. मला त्याने फरक पडू नये खरंतर. पण त्या दिवशी मी तिकडे जाऊन बहिणीशेजारची रिकामी जागा बघून आलो. आईने ती स्वतःसाठी धरली आहे. पलीकडे गवत आहे, ते कुणाचं ते मला आता माहीत नाही.

पोलिसांतला अर्ज मागे घेतला गेला नाही, त्यावर काही झालंही नाही. तो तिथे आहे एवढंच. हवालदाराने आईला सांगितलं, "आजी, करा तुमचं, पण दार लावून, आवाज बारीक ठेवून." चार महिने घरसभा बंद होती. मग पाच बायका परत यायला लागल्या. पूर्वी दार उघडं असायचं, येणारी-जाणारी डोकावायची, बसायची. आता कडी लावून, खिडकीला पडदा सोडून बसतात आणि गाणं पुटपुटल्यासारखं म्हणतात.

सुट्ट्यांमध्ये मी शुक्रवारी असलो तर आत बसतो. आई म्हणाली होती, "बाहेर उभा ऱ्हाऊ नगंस आता. लोकांना वाटतं पहारा देतूयास." म्हणून दाराजवळ बसतो. प्रार्थना म्हणत नाही, मान खाली घालत नाही. एक-दोघींना माझं असणं आवडत नाही, ते त्यांच्या पदराच्या हालचालीवरून कळतं. त्यांना मी जबाबदार वाटतो, आणि मी आहेच. नगरच्या मित्रांना कळलं तर ते म्हणतील, गेला परत. गेलो नाही, हे मला कुणाला पटवून देता येत नाही, आणि हल्ली तसा प्रयत्नही मी करत नाही.

परवाच्या मे महिन्यात असाच बसलो होतो. वीज गेलेली, पत्रा तापलेला, सात माणसांच्या श्वासाने खोली कोंदटलेली. आई एकीच्या आजारी सुनेसाठी प्रार्थना करत होती. दारावर धाडकन थाप पडली. सगळ्यांचे डोळे उघडले आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. एकीने प्रार्थनेच्या वहीतली आजाऱ्यांची नावं पदराखाली झाकली. मी उठलो. कडी काढायला वेळ लागला.

बाहेर शेजारची बाई होती. "टँकर आलाय!" ती ओरडली आणि पुढच्या दाराकडे पळाली.

बायका हंडे घ्यायला धावल्या. मी पिंप घेतलं, आई पाइपचं वेटोळं घेऊन मागून आली. अर्धा तास रांगेत, ढकलाढकलीत गेला. वर्गमित्राची बायकोही होती, तिने आईचा हंडा पुढे सरकवला. पिंप भरून आम्ही घरात आलो. पाचपैकी तिघी परत आल्या, दोघी आपापल्या घरी गेल्या. आई सतरंजीवर बसली, दम खाल्ला, आणि मला म्हणाली, "कडी लाव."

मी लावली.